सेफ्टी ऑफिसर व्हायला सहा महिन्यांचा कोर्स पुरतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी बीएस्सी केमिस्ट्री, एका केमिकल कंपनीत चार वर्षं शिफ्ट सुपरवायझर आहे. सहा महिन्यांचा ऑनलाइन फायर अँड सेफ्टी कोर्स करून सेफ्टी ऑफिसर होता येईल का? आणि प्लांटवर सेफ्टीवाल्याला कोणी मोजत का नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. मी रायगडच्या केमिकल पट्ट्यात वीसहून जास्त वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कायदा. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम ४०-ब होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतलीय, तिच्याबद्दल पुढे लिहितो). एक हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील, किंवा कामगार कमी असले तरी प्रक्रिया धोक्याची आहे असं राज्य सरकारला वाटलं, तर सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ चे वेगळे नियम आहेत. इंजिनीअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात सुपरवायझर म्हणून दोन वर्षांचा अनुभव, फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची पदवी असेल तर पाच वर्षांचा. त्याशिवाय औद्योगिक सुरक्षेची राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविका. आपल्याकडे सगळे तिला 'एडीआयएस' (अॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी) म्हणतात. ती सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होते, शिवाय राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा एक वर्षाचा कोर्सही आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर 'सेफ्टी ऑफिसर बना, शंभर टक्के नोकरी' असे बोर्ड लागलेत, तिथलं सर्टिफिकेट या नेमणुकीला चालत नाही. नेबॉश हा ब्रिटिश कोर्स चांगला आहे आणि आखाती देशांत त्याला मागणीही आहे. पण सेफ्टी ऑफिसरच्या नेमणुकीसाठी तो एडीआयएसची जागा घेत नाही. फी भरण्याआधी एवढं तपासा. माझ्या ओळखीच्या दोन मुलांनी आईचे दागिने गहाण ठेवून असे कोर्स केले आणि आज ते साइटवर हेल्मेट वाटायचं काम करतात.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे आणि ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारखान्यातले बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती सेफ्टी ऑफिसरला नीट यायला हवी. १९८२ मध्ये आमच्या भागात ती भाषा बहुतेक मराठीच होती. आज माझ्या प्लांटवर कंत्राटी कामगारांत ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशची मुलं निम्म्याहून जास्त आहेत. मी मोडकंतोडकं का होईना, ओडिया शिकलो. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या सूचनांना, मराठीतून भाषण ठोकलं की सगळे माना डोलावतात, सही करतात आणि मग कॉस्टिकच्या, म्हणजे डोळे जाळणाऱ्या रसायनाच्या, लाइनचा जोड (फ्लँज) गॉगलशिवाय उघडतात.

आता मोजत नाहीत त्याबद्दल. यासाठी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी दरवर्षी नव्या ट्रेनी मुलांनाही सांगतो.

एडीआयएस चांगल्या मार्कांनी पास होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. कन्फाइंड स्पेसची, म्हणजे टाकीसारख्या बंदिस्त जागेची, व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगितली असती. शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याचा काळ, चालू होता. एका रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनाच्या बंद टाकीत, एजिटेटरच्या (ढवळणीच्या) पात्याचे बोल्ट ढिले झाले होते आणि फिटरला आत उतरायचं होतं. आधीच्या बॅचला टोल्यूइन हे पेट घेणारं द्रावक वापरलेलं. रिअॅक्टर धुतला, नायट्रोजन मारला, मॅनहोल उघडलं. मी ज्वलनशील वाफ मोजणाऱ्या एक्सप्लोझिव्हमीटरची नळी आत सोडली. रीडिंग शून्य. परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, 'गॅस टेस्ट: समाधानकारक' लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं.

शेजारी आमचे जुने ऑपरेटर उभे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिक्षण सातवी. ते म्हणाले, "साहेब, नायट्रोजनची लाइन ब्लाइंड केली का?" ब्लाइंड म्हणजे लाइनमध्ये चकती घालून ती पक्की बंद करणं. ते केलं नव्हतं, नुसता व्हॉल्व्ह बंद होता. मामा म्हणाले, "तो व्हॉल्व्ह पास होतो, आतून गळतो. ऑक्सिजन बघा."

शेजारच्या प्लांटमधून ऑक्सिजन मीटर आणला. साध्या हवेत २०.९ टक्के असतो. आत पाच टक्क्यांच्याही खाली होता. अशा हवेत माणूस मिनिटाच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा धावत उतरला की तोही तिथेच राहतो. आणि ते शून्य? त्या जुन्या मीटरचा सेन्सर तापलेल्या मण्यावर वाफ जाळून ती मोजतो. जळायला ऑक्सिजनच नसेल तर आत टोल्यूइनची वाफ भरलेली असली तरी मीटर शून्यच दाखवणार. म्हणजे मी ज्या आकड्यावर विसंबून सही करत होतो त्या आकड्याला त्या जागी काहीच अर्थ नव्हता. म्हणून ऑक्सिजन आधी मोजायचा आणि ज्वलनशील वाफ नंतर.

तो फिटर आजही माझ्या गावापासून दोन कोसांवर राहतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा पंगतीत मला घास गिळवेना.

मला कोणी शिकवलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. परमिटचा फॉर्म कसा भरायचा ते शिकवलं होतं. फॉर्ममधल्या त्या एका चौकोनामागचं यंत्र कसं चालतं आणि कधी फसवतं, ते ना पेपरात विचारलं ना तोंडी परीक्षेत. तुम्ही विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. प्लांटवरचा माणूस हुशार असतो. समोरच्याला प्रक्रिया कळते की नुसता फॉर्म कळतो, हे तो पहिल्या आठवड्यात ओळखतो. ज्याला प्रक्रिया कळत नाही त्याचं 'काम थांबवा' कोण ऐकेल? आणि काम थांबवता येणं हाच या नोकरीचा गाभा आहे. हेल्मेट, बूट, गॉगल शेवटी येतात. धोका मुळातच काढता येतो का, घातक रसायन बदलता येतं का, यंत्राला गार्ड किंवा इंटरलॉक लावता येतो का, हे आधी बघायचं असतं. त्यासाठी प्रॉडक्शन मॅनेजरशी त्याच्या भाषेत, त्याच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून वाद घालता आला पाहिजे.

मला कायम खुपणारी एक तुलना सांगतो. कारखान्यात बॉयलर चालवायचा तर बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा पास व्हावी लागते. वायरिंगच्या कामाला परवाना लागतो. कोळशाच्या खाणीचा मॅनेजर व्हायला डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं, नुसत्या इंजिनीअरिंगच्या पदवीवर ते भागत नाही. आणि ज्याच्या सहीवर माणूस बंद टाकीत उतरतो त्या सेफ्टी ऑफिसरला? एकदा पदविका घेतली की संपलं. वीस वर्षांत नवी रसायनं, नवे सेन्सर, लिथियम बॅटऱ्या, सोलरच्या छतावरची कामं आली, तरी त्याला पुन्हा कोणी काही विचारत नाही.

दुसऱ्या देशांत यावर काम झालंय. ब्रिटनमधल्या आयओएसएच या सेफ्टीवाल्यांच्या व्यावसायिक संस्थेला २००३ मध्ये रॉयल चार्टर, म्हणजे राजसनद, मिळाला. तिथे चार्टर्ड दर्जा टिकवायचा तर दरवर्षी काय शिकलात त्याची नोंद ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये या व्यवसायाचं 'बॉडी ऑफ नॉलेज' तयार झालं. या पेशाच्या माणसाला नेमकं काय माहीत असलं पाहिजे ते प्रकरणवार लिहिलंय: अपघाताची कारणमीमांसा, विषशास्त्र, आवाज, मानसिक ताण, संघटना कशी वागते. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मी त्यातली बरीच प्रकरणं छापून घेतलीत आणि आमच्या ट्रेनींना महिन्याला एक वाचायला देतो. त्यांचं जसंच्या तसं उचलावं असं माझं म्हणणं नाही, तिथली टाकी आणि तिथलं कंत्राट दोन्ही वेगळं. पण 'किमान एवढं आलंच पाहिजे' अशी यादी आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या बाहेर, चालू नोकरीतल्या माणसासाठी असायला हवी, आणि सेफ्टी ऑफिसरलाही परवाना ठेवून त्याचं नूतनीकरण तिच्यावर व्हायला हवं.

आरोग्याची बाजू तर आपण जवळपास सोडूनच दिलीय. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार आहेत, सिलिका धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस त्यातलाच, आणि ते कळवणं बंधनकारक आहे. पण हवेचा नमुना घेणारा सॅम्पलिंग पंप कामगाराच्या कॉलरला लावून आठ तासांचं सरासरी प्रमाण काढणं किती सेफ्टी ऑफिसरांनी स्वतःच्या हाताने केलंय? ज्याचं बोट कापलं तो दिसतो. ज्याचं फुप्फुस पंधरा वर्षांनी गेलं तो तोवर गावी गेलेला असतो.

हा विषय आत्ताच का निकडीचा आहे तेही सांगतो. व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मर्यादा खाली आणलीय: कारखान्यात पाचशे कामगार, धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशे, बांधकामावर अडीचशे, खाणीत शंभर. म्हणजे सेफ्टी ऑफिसर जास्त लागणार. मागणी वाढली की घाईघाईने सर्टिफिकेट छापणारे वाढतात, ही माझी धास्ती आहे. आणि एमआयडीसीतली चाळीस-पन्नास कामगारांची युनिटं या आकड्यांत येतच नाहीत. तिथेही रिअॅक्टर तोच, टोल्यूइन तेच. अशा कित्येक ठिकाणी महिन्यातून एकदा कन्सल्टंट येतो, चहा पितो, रजिस्टरवर सह्या करतो आणि जातो. मला विचाराल तर कामगारांच्या संख्येबरोबर रसायनाचं प्रमाणही बघितलं पाहिजे. शेजारशेजारच्या पाच-सहा युनिटांनी मिळून एक चांगला, पूर्णवेळ माणूस ठेवला तरी फरक पडेल. आग लागली तर परस्परांना मदत करायला 'मार्ग' गट आहेतच. तसंच हेही जमेल.

व्यवस्थापनाचाही यात वाटा आहे. सेफ्टी ऑफिसरच्या कर्तव्यांच्या आड येईल असं काम त्याला देऊ नये, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात कँटीन, बस, बगिचा, व्हीआयपींची व्हिजिट सगळं त्याच्याच गळ्यात. एका नोकरीत माझ्याकडे गणपतीच्या वर्गणीचा हिशोबही होता. मी तो लेखी नाकारला, आणि त्या वर्षी माझी पगारवाढ अडली. तुमच्यावरही हे येईल. नाकाराल तेव्हा लेखी नाकारा.

आता तुमचं. तुम्ही शिफ्टवर चार वर्षं काढलीत, हे तुमचं भांडवल आहे, ते कमी लेखू नका. एडीआयएसला जाण्याआधीच्या काळात हे करा: तुमच्या प्लांटचं एक पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचं ड्रॉइंग) घ्या आणि हातात धरून लाइन चाला. ड्रॉइंगमध्ये आहे आणि जागेवर नाही, किंवा उलट, असं किमान काहीतरी सापडेलच. हॅझॉपच्या, म्हणजे प्रक्रियेतले धोके शोधण्याच्या, बैठकीत मागे का होईना बसू द्या म्हणून मागे लागा. गॅस मीटरची बंप टेस्ट (माहीत असलेला गॅस देऊन मीटर चालतो का ते बघणं) स्वतः करा. निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, जो रिपोर्ट 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून बंद केलाय, तो उघडा आणि त्याच्यामागचं पुढचं 'का' विचारा. आणि तुमच्याकडेही एखादे मामा असतीलच, त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास काढा.

केमिस्ट्रीच्या पदवीला पाच वर्षं लागतात, तुमची चार झालीत. अनुभवाचा दाखला घ्याल तेव्हा त्यावर 'सुपरवायझरी' हा शब्द आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'केमिस्ट' लिहिलेला दाखला पुढे अडतो. नव्या संहितेमुळे नियम बदलताहेत, तेव्हा अर्ज करण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन या.