ओरेक्सिनचा रिसेप्टर नेमका कुठे, ते आधी दाखव

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. ओरेक्सिन हे मेंदूतलं पेप्टाइड (छोटं प्रथिन) मेंदूला जागं कसं ठेवतं, हे तुला उंदराच्या मेंदूच्या स्लाइसवर (जिवंत ठेवलेल्या पातळ कापावर) तपासायचंय. विषय उत्तम निवडलास. पण 'ओरेक्सिन सोडलं आणि पेशी फायर झाली (तिने विद्युत-संदेश सोडला)' एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. कोणत्या पेशीवरचा कोणता रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन), हे सिद्ध करावं लागतं.

ओरेक्सिनचे रिसेप्टर दोन आहेत, पहिला आणि दुसरा; ओरेक्सिनचेही दोन प्रकार. ओरेक्सिन-ए दोघांनाही चिकटतं, ओरेक्सिन-बीचा ओढा दुसऱ्याकडे. लोकस सेरुलिअसमध्ये (मेंदूच्या खोडातल्या, जागं ठेवणाऱ्या पेशींच्या गटात) मुख्यतः पहिला, हिस्टामिनच्या पेशींवर दुसरा. १९९९ साली नार्कोलेप्सीच्या (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या) डॉबरमन आणि लॅब्राडॉर कुत्र्यांमध्ये दुसऱ्याच रिसेप्टरच्या जनुकात बिघाड सापडला. कॅटाप्लेक्सीसह (भावनेच्या भरात स्नायू अचानक ढिले पडणं) नार्कोलेप्सी असलेल्या माणसांमध्ये मात्र बहुधा ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात.

आता पेप्टाइड. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घे, पावडर झाकणाला चिकटलेली असते. नॅनोमोलर पेप्टाइड प्लास्टिकलाही चिकटतं. लो-बाइंड ट्यूब वापर, पातळ द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाल. छोटे अलिक्वॉट (एकेका वापरापुरते वाटे) उणे ८० अंशांवर ठेव, एकदा वितळलेला परत गोठवू नकोस. ओरेक्सिन-एमध्ये दोन डायसल्फाइड बंध आहेत, त्यामुळे डीटीटी (हे बंध तोडणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये ते विरघळवलंस तर रेणूचा आकारच मोडतो.

स्लाइसवर १०० नॅनोमोलरपासून सुरुवात कर. एका स्लाइसला एकच डोस, कारण रिसेप्टर डिसेन्सिटाइझ होतो (बोथट होतो) आणि दुसरा प्रतिसाद खोटा लहान दिसतो. आधी १ मायक्रोमोलर टीटीएक्स (पेशींचं फायरिंग थांबवणारं विष) दे, सोबत ग्लुटामेट आणि गाबा या पेशींमधल्या संदेशवाहकांचे रिसेप्टर अडव. तरीही करंट आला, तरच परिणाम त्याच पेशीवर थेट होतोय असं म्हणता येईल. पहिला रिसेप्टर अडवणाऱ्या एसबी-३३४८६७ या रसायनावर एकट्यावर विसंबू नकोस: जास्त मात्रेत ते दुसऱ्यालाही अडवतं, आणि त्याचं हायड्रोक्लोराइड पावडर असतानाच दमट हवेत विघटित होऊ शकतं. आपल्या पावसाळ्यात तर जपच.

सगळ्यात जास्त घोटाळा रिसेप्टर कुठे आहे ते रंगवून दाखवणाऱ्या अँटिबॉडीत होतो. या कुळातल्या रिसेप्टरांच्या कित्येक अँटिबॉडी नॉकआउट (त्या रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेल्या) उंदराच्या मेंदूतही सुरेख रंग देतात, म्हणजे त्या भलत्याच प्रथिनाला धरतात. नॉकआउटवर रंग येत नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय चित्र छापू नकोस. त्यापेक्षा इन सिटू हायब्रिडायझेशन (रिसेप्टरचा एमआरएनए, म्हणजे जनुकाची प्रत, पेशीतच शोधण्याची पद्धत) बरं. त्यातही जप: एमआरएनए मुख्यतः पेशीच्या धडात दिसतो, रिसेप्टर मात्र दूरवरच्या अ‍ॅक्सॉनच्या (पेशीच्या लांब तंतूच्या) टोकावर असू शकतो. पेशीत एमआरएनए नाही पण टीटीएक्सशिवाय प्रतिसाद येतोय, असं झालं तर तिच्याकडे येणाऱ्या तंतूंचा माग काढ.