दवाखान्यात दारूचं सांगायचं की लपवायचं?

‘पितात म्हणून सांगितलं की नीट बघतच नाहीत. या वेळी सांगू की नको?’ व्यसनी माणसाच्या घरचे हे मला सारखं विचारतात. त्यांना मी एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.

नवऱ्याच्या पोटात कळा येत होत्या. बायकोने रुग्णालयात सरळ सांगितलं, हे रोज पितात. त्यानंतर पोटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. ‘ढोसायचं यांनी आणि निस्तरायचं आम्ही,’ असं सगळ्या वॉर्डादेखत ऐकवलं, एक इंजेक्शन टोचलं आणि घरी धाडलं. तो केसपेपर मी पाहिलाय. दुखतंय कुठे, कधीपासून, काही नाही. ‘दारुडा’ तेवढं ठळक.

पुढे त्याचा पाय मोडला. या खेपेला दोघांनी ठरवूनच ‘व्यसन नाही’ असं सांगितलं. सगळे गोड बोलले, ऑपरेशनही छान झालं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला. अशक्तपणा असेल, म्हणाले. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे किडे झटकत होता, चादरीवर काहीच नव्हतं. सलाईनही उपसून टाकली. तेव्हा बायकोने खरं काय ते सांगितलं. आधी त्याचे हात पलंगाला बांधले, मग ‘फसवलंत आम्हाला’ म्हणून तिला फैलावर घेतलं. औषध सुरू झालं ते सकाळी. नशीब, वाचला.

‘ताई, माझ्यामुळेच झालं ना हे?’ ती विचारत होती. मी नाही म्हटलं, आणि ते काही तिची समजूत काढायला नाही. खरं बोलल्यावर काय होतं ते तिने आधी भोगलं होतं. रात्रपाळीत पिऊन धिंगाणा घालणारे येतात, कर्मचारी वैतागतात, हे मला मान्य आहे. पण पोट तपासायचं टाळायला ते कारण पुरत नाही.

तरीही माझं उत्तर: सांगाच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की साधारण ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते. फिट यायची तर बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत येते. भास, भ्रम ४८ ते ९६ तासांच्या सुमारास, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी कळलं तर डॉक्टर वेळेवर औषध देऊन हे बरंचसं टाळू शकतात. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायला हवं का, हेही त्यावरच ठरतं.

फक्त ‘पितात’ एवढ्यावर थांबू नका. कागदावर लिहून न्या: काय पितात, रोज किती, शेवटचं कधी घेतलं, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. मग विचारा, ‘दारू बंद झाल्याचा त्रास होईल, त्याचं औषध कोण बघणार?’ हे केसपेपरवर लिहायला लावा. माणसाला बांधलं तर कुणाच्या सांगण्यावरून, किती वेळ आणि लक्ष कोण ठेवतंय, हे विचारा. अपमान झाला तर तारीख, वेळ, नेमके शब्द टिपून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. या जोडप्याने दिली होती. उत्तर अजून नाही.

आणि त्याची दारू? सुटलेली नाही. पायातली प्लेट काढायला जाताना मात्र कागद त्याने स्वतः लिहून नेला. त्या वेळी हात थरथरायच्या आधीच गोळ्या सुरू झाल्या.