तापाच्या रात्री काउंटरवर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर गर्दी होती, धड बोलता आलं नाही. फुलेवाडीत स्वतःचं मेडिकल सुरू करतेस हे ऐकून फार बरं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस, ते काही डोक्यातून जाईना. "काका, टोचायचं काम डॉक्टर आणि सिस्टरचं. मग लसीकरणात आपलं काय काम?"

खरं आहे. इंग्लंड-अमेरिकेत फार्मासिस्ट दुकानातच लस टोचतात, आपल्याकडे तसं नाही. पण मुलाचा पुढचा डोस होणार की राहणार, हे पुष्कळदा आपल्या काउंटरवर ठरतं. मला हे उशिरा कळलं, म्हणून तुला लवकर सांगतोय.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. रात्री नऊ-साडेनऊला एक तरुण बाप गाडीवरून आला. बाळाला सकाळी दीड महिन्याचा डोस दिलेला, संध्याकाळपासून ताप. सिस्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी त्यानं पुढं केली, मी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स दिले, पैसे घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. काही महिन्यांनी त्याच बाळाची आई खोकल्याचं औषध मागायला आली. बाळ खोकून खोकून निळं पडत होतं. मी तिला तशीच सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवली. डांग्या खोकला निघाला, ज्याची लस याच डोसांमध्ये असते. बाळ बरं झालं, पण बरेच दिवस ॲडमिट होतं. नंतर तिनं मला कार्ड दाखवलं. दीड महिन्याच्या रकान्यानंतरचं सगळं कोरं. त्या तापाच्या रात्री घरात आज्जीनं ठरवलं होतं, "आता पोराला सुया नकोत." आणि त्या रात्री त्या घरातल्या माणसाशी बोललेला औषधातला जाणकार म्हणजे मी एकटाच होतो. एक वाक्यसुद्धा बोललो नव्हतो.

म्हणून अशा वेळी नुसती बाटली देऊ नकोस. आधी वजन विचार, चिठ्ठीवरचा डोस ताडून बघ. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत १२५, म्हणजे चौपटीचा फरक. घरात मोठ्या भावाची सिरपची बाटली असते, माप ड्रॉप्सचं वापरलं जातं किंवा उलट होतं. ड्रॉपरवर पेनानं खूण करून दे. मग सांग, की लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, टोचल्या जागी सूज येते, शरीर लस ओळखतंय त्याचा तो भाग आहे. दोन दिवसांच्या वर ताप राहिला, बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, तासन्‌तास रडायचं थांबेना किंवा झटका आला, तर माझ्याकडे यायचं नाही, थेट दवाखाना. हे स्पष्ट सांगितलं की उरलेल्या बोलण्यावर विश्वास बसतो. आणि शेवटी विचार, "पुढचा डोस कधी आहे?" अडीच महिन्याची तारीख औषधाच्या पाकिटावर तिथंच लिहून दे. कार्ड हरवतं, पाकीट फ्रिजवर चिकटून राहतं.

आज्जी स्वतः आली तर वाद घालू नकोस. "आमच्या वेळंला कुठं होतं ओ हे सगळं?" असं ती म्हणणारच. मी म्हणतो, "आज्जी, दंड दाखवा बघू." साठीच्या पुढच्या बहुतेक बायकांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण असतो. त्या पदर सारून बघतात, बोट फिरवतात. मग सांगतो की भारतातली पहिली देवीची लस मुंबईत १८०२ मध्ये तीन वर्षांच्या एका पोरीला टोचली, आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी उरला नाही. तुमच्या अंगावर त्याचाच शिक्का आहे. पोलिओचंही तसंच. २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रोगी सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. यावर आज्जी गप्प बसत नाहीत, उलट गावात कुणाला देवी आल्या होत्या, कोण वाचलं नाही ते सांगायला लागतात. सांगू दे. सून शेजारी उभी राहून ऐकत असते.

आता कुत्रं चावलेलं. हे तुझ्याकडे पहिल्याच महिन्यात येणार. आपल्याकडे जखमेवर चटणी चोळतात, चुना लावतात, हळद दाबतात आणि मग "एक टीटी द्या" म्हणून दुकानात येतात. रागावू नकोस. आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लाव, घड्याळ लावून. दुकानात पाण्याची सोय नसेल तर करून घे, त्यासाठी काउंटर एक फूट कमी झाला तरी चालेल. पट्टी बांधू नकोस. आणि टीटी धनुर्वाताची, तिनं रेबीज थांबत नाही हे पहिलं वाक्य असू दे. रक्त निघालं असेल तर लशीबरोबर जखमेत सिरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, लागतं, त्यासाठी सीपीआरला जायलाच हवं. "पोटात चौदा इंजेक्शनं घेत्यात न्हवं?" हे अजून लोक विचारतात. ती जुनी लस कधीच बंद झाली, आता दंडाला देतात. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीसाव्या दिवशी. खाजगीत दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर चौदावा दिवसही येतो. दोन डोस झाले, जखम सुकली, कुत्रं गल्लीत हिंडताना दिसलं की माणूस पुढचे डोस सोडतो. तारखा लिहून दे आणि जमलं तर सातव्या दिवशी फोन कर. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे हा फोन मला फुकटचा वाटत नाही.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो, पुस्तकातलं तुला येतंच. दोन ते आठ अंश. पण गरमीला सगळे घाबरतात, गारठ्याला कुणी घाबरत नाही. मी एकदा हिपॅटायटिस बी च्या बाटल्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवल्या होत्या. गोठल्या, पुन्हा पातळ झाल्या, दिसायला अगदी चांगल्या. पण गोठलेली ती लस निकामी असते. सगळ्या टाकल्या. २०१९ च्या महापुरात वीज गेली तेव्हाही टाकल्या, कारण आत किती तापमान होतं ते मला सांगता येत नव्हतं. जे सांगता येत नाही ते विकायचं नाही. गिऱ्हाइकाला लस देताना जेल पॅक आणि बाटलीच्या मध्ये कागद घाल. "आज घरच्या फ्रिजात ठेवतो, उद्या डॉक्टरकडं नेतो" म्हणाला तर देऊ नकोस, उद्याच ये म्हणून सांग.

एक गोष्ट तुला नफ्याच्या आड येईल. बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीतल्या सत्रात फुकट मिळतात, आणि चांगल्या असतात. हजारोंची लस मागायला आलेल्या माणसाला हे आधी सांग. मग त्यानं खाजगीत घेतली तर ती त्याची मर्जी. तुझ्या भागातल्या आशाताईंचा नंबर आणि सत्राचा वार भिंतीवर लावून ठेव.

फुलेवाडीवरून उसाच्या गाड्या जातात. हंगामात मराठवाड्यातून तोडीला माणसं येतात, पोरं पाचटात खेळत असतात, कार्ड गावी राहिलेलं असतं. त्या बायका मलम घ्यायला येतील, लशीचं विचारायला नाही. तूच विचार. कार्ड नाही म्हणून त्या दवाखान्यात जायला लाजतात, आणि डोस चुकला म्हणजे सगळं पहिल्यापासून करावं लागेल असंही त्यांना वाटतं. तसं नसतं, राहिलं तिथून पुढं सुरू होतं. एवढं कळलं तरी पुष्कळ जणी जातात. मी पाहिलंय.

जे माहीत नाही ते "विचारून सांगते" म्हण आणि खरंच विचारून सांग. आजारी असलेलं मूल, पूर्वीच्या डोसनंतर झटका आलेलं मूल, गरोदर बाई, यांच्याबाबत आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. मोबाइलवरची कुठलीतरी क्लिप कुणी पुढं केली तर पूर्ण बघ. घाईनं "खोटं आहे" म्हणालीस की तो माणूस पुन्हा विचारणार नाही.

फ्रिजसाठी एक थर्मामीटर पुतण्याच्या हाती पाठवतोय. माझ्याकडे दोन आहेत. दारात ठेवू नकोस, मधल्या कप्प्यात ठेव. सकाळी शटर उघडल्यावर आणि रात्री बंद करताना वाचायचं आणि वहीत लिहायचं. वहीही पाठवलीय, पहिल्या पानावर रकाने आखून दिलेत.

तुझा,
काका
गंगावेस, कोल्हापूर