नवख्याला उत्तर देताना

लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायला मदतीला पुढं आलास, बरं झालं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

१. आधी विचार, मग सांग. कर्नाटकातल्या निपाणीहून कुणी म्हणतो, ‘फाईल उघडंना झालीया.’ लगेच ‘विंडोज नवीन टाक’ म्हणू नकोस (ही खोड लवकर लागते). स्क्रीनचा फोटो माग. कित्येकदा फाईल उघडलेली असते, फक्त अक्षरं वेडीवाकडी दिसतात. कन्नड मजकूर नुडी या जुन्या कन्नड फाँटमधला असतो, युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरवून दिलेले सामाईक आकडे) नसलेला. तो फाँट टाकला की वाचता येतं. युनिकोडचं पुराण त्याला आत्ता नको.

२. एका वेळी एकच पायरी.

‘एवढंही येत नाही?’ हे तोंडातून काढूच नकोस. माणूस परत विचारायला येत नाही. आणि कुणी आपणहून ओटीपी पाठवला, तर आधी तो पुसायला लाव.