सिंगल ड्रायव्हर स्पीकर घेऊ का? आधी तुमची गाणी बघा

आधी सांगा, घरी रोज काय वाजतं? ख्याल, ठुमरी, गझल, सतार असेल तर बिनधास्त पुढे जा. नेहमीच्या टू-वे स्पीकरमध्ये आवाज साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन ड्रायव्हरांत (म्हणजे आवाज काढणाऱ्या भागांत) वाटला जातो, आणि आपला कान नेमका त्याच पट्ट्यात तिखट. सिंगल ड्रायव्हरमध्ये एकच भाग सगळे सूर काढतो, म्हणून इथे तो सांधाच नाही. तानपुऱ्याची जवारी, तान घेण्याआधीचा गायकाचा श्वास, सगळं एकाच जागेवरून येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा गार झाला होता.

पण चार इंची कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) छोट्या खोक्यात १०० हर्ट्झच्या खाली दम सोडतो. डग्ग्याचा घुमारा पातळ होतो, ढोल-ताशा विसराच. मोठ्या आवाजात मेटल किंवा वाद्यवृंद लावलात की सगळा काला होतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दुकानातली एक गोड गायिका ऐकून भुलणं. स्वतःची पाच गाणी न्या, त्यात एक गर्दीचं आणि एक जुनं खरखरीत हवंच.
- सोफ्याच्या टोकाला बसून मत बनवणं. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. मधोमध बसा.
- इक्वलायझरने बास ढकलणं. कोन बिचारा आधीच एकटा राबतोय! सबवूफर जोडा.

ट्यूब अ‍ॅम्प, हॉर्न वगैरे सध्या राहू द्या. कुणाची जोडी दोन आठवडे उसनी मिळते का बघा. परत देताना जिवावर आलं, तर घ्या.