वाचकांचे प्रश्न : सप्तर्षींचा आकार कधी बदलेल?

प्रश्न : संगणकावरील तारामंडळाच्या प्रोग्रॅममध्ये मी तारीख १२,००० वर्षे पुढे नेली. अभिजित उत्तर ध्रुवाच्या जवळपास आला, पण सप्तर्षींचा आकार जवळजवळ तसाच राहिला. तारे स्वतः फिरत असतील, तर हा बदल का दिसला नाही? मुलांसाठी असे सिम्युलेशन आपल्याला तयार करता येईल का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण पाहिले ते बरोबरच आहे. ध्रुवाची जागा बदलली ती पृथ्वीच्या अक्षामुळे. हा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत, आपली दिशा बदलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मात्र त्यामुळे सगळे आकाश एकसंध सरकलेले दिसते आणि ताऱ्यांमधली परस्पर अंतरे कायम राहतात. आकृती मोडते ती ताऱ्यांच्या निजगतीमुळे, म्हणजे प्रत्येक तारा आकाशात स्वतंत्रपणे जेवढा सरकतो तेवढ्यामुळे. ही गती प्रथम एडमंड हॅली यांनी १७१८ साली दाखवून दिली. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने नोंदवलेल्या स्थानांशी तुलना करता व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे सरकल्याचे त्यांच्या लक्षात आले होते.

सप्तर्षींचे उदाहरण आपण योग्य निवडले आहे, कारण त्यांच्यात दोन गट आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने पूर्वेकडे निघाले आहेत. वसिष्ठाजवळची अरुंधतीही त्यांच्याच समूहातली आहे. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र अधिक दूर असून ते पश्चिमेकडे चालले आहेत. क्रतूची निजगती वर्षाला सुमारे ०.१४ विकला आहे आणि एका अंशात ३,६०० विकला असतात. म्हणजे ५,००० वर्षांत तो चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतकाही सरकत नाही. म्हणूनच प्राचीन काळच्या लोकांनी पाहिलेले सप्तर्षी आणि आपले सप्तर्षी यांत नुसत्या डोळ्यांना फरक जाणवू नये. १२,००० वर्षांतही क्रतू जेमतेम अर्धा अंश सरकतो. आपण १,००,००० वर्षांची उडी घ्यावी. तेव्हा क्रतू जवळपास चार अंश पश्चिमेला गेलेला असेल, पुलह दोन अंशांहून अधिक पूर्वेला आलेला असेल, चौकोन पसरट झालेला असेल आणि मरीची आत वळल्याने शेपटीला तीव्र बाक आलेला असेल. पुलह-क्रतू ही रेषा वाढवून ध्रुवतारा शोधण्याची आपली पद्धतही तेव्हा चालणार नाही.

सिम्युलेशन अवश्य करता येईल. त्यासाठी प्रत्येक ताऱ्याचे स्थान, पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणाऱ्या किंचित फरकावरून) काढलेले अंतर, निजगती आणि अरीय वेग, म्हणजे तो आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग, एवढी माहिती लागते. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया या अवकाशयानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची मोजमापे दिली आहेत, पण अतिशय तेजस्वी ताऱ्यांसाठी त्याआधीच्या हिपार्कोस यानाची यादी घ्यावी. तीत सुमारे १,१८,००० तारे आहेत. निजगतीला (दर वर्षी विकलांमध्ये) पार्सेकमधील (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतराने आणि ४.७४ ने गुणले की आडवा वेग दर सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतो. आडवा आणि अरीय असे दोन्ही वेग एकत्र करून तारा अवकाशात सरळ रेषेत पुढे न्यावा आणि मगच तो आकाशात कुठे दिसेल ते काढावे.

निजगतीला थेट वर्षांनी गुणण्याचा मोह होतो, पण जवळच्या ताऱ्यांच्या बाबतीत तो टाळलाच पाहिजे. व्याध फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्या दिशेने येत आहे. नुसत्या गुणाकाराने तो १,००,००० वर्षांत सुमारे ३७ अंश सरकेल असे उत्तर येते. प्रत्यक्षात तो जवळ येत असल्यामुळे त्याहून काही अंश जास्तच सरकेल. मृगाचे मुख्य तारे शेकडो प्रकाशवर्षे दूर असल्याने तेवढ्या काळात त्यांची रचना फारशी बदलणार नाही. मृगाच्या पोटातला बाण जागच्या जागी आणि तो मारणारा व्याध मात्र दूर दक्षिणेला, हे दृश्य मुलांना नक्की दाखवावे. अंतराचा परिणाम त्यात चटकन समजतो.

सरळ रेषेचे हे गृहीतक काही लाख वर्षांपर्यंत पुरते. कोट्यवधी वर्षांसाठी आकाशगंगेचे गुरुत्वाकर्षण हिशेबात घ्यावे लागते. चित्रे काढताना २००० सालचे निर्देशांक-अक्ष, म्हणजे ताऱ्यांची स्थाने ज्यांवरून मोजतात त्या रेषा, कायम ठेवावेत, म्हणजे ध्रुवाचे सरकणे त्यात मिसळणार नाही आणि आकारातला बदल तेवढाच दिसेल.