नवरा समजूतदार वाटतो, क्लायंटच्या बोलण्यात मेळ नाही. नार्सिसिस्टिक छळ थेरपिस्टने ओळखायचा कसा?

तुम्ही लिहिलंय, की समुपदेशन नव्यानेच सुरू केलंय, एक क्लायंट नवऱ्याला नार्सिसिस्ट (स्वतःलाच मोठं समजणारा, दुसऱ्याच्या भावनांची कदर नसलेला) म्हणते, पण तिच्या सांगण्यात मेळ लागत नाही आणि दोघं एकत्र आले तेव्हा नवराच जास्त समजूतदार वाटला.

हे वाचून पोटात कालवलं, कारण अगदी हेच माझ्या हातून घडलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जोडप्याला समोरासमोर बसवलं. तो शांत, मुद्देसूद, स्वतःच्या लहानसहान चुका आपणहून कबूल करणारा. ती बोलता बोलता रडायची, कुठला प्रसंग आधीचा आणि कुठला नंतरचा यात गोंधळायची, आणि तो हलक्या आवाजात तिला दुरुस्त करायचा. 'जरा शांतपणे सांगता का?' असं मी तिलाच म्हणाले. पुढच्या सेशनला दोघंही आले नाहीत. बऱ्याच काळाने ती एकटी आली, तेव्हा कळलं की 'मॅडमनासुद्धा तुझंच चुकतंय असं वाटतं' हे वाक्य तो घरी रोज वापरत होता. माझ्या खोलीने त्याच्या हातात आणखी एक हत्यार दिलं होतं.

म्हणून आधी हे सांगते: नवरा नार्सिसिस्ट आहे की नाही, याचा निकाल तुम्हाला लावायचाच नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचे ९ निकष आहेत, निदानाला किमान ५ लागतात, आणि ज्याला आपण तपासलेलं नाही त्याचं निदान आपण करू शकत नाही. 'नार्सिसिस्टिक अब्यूज' हे तर अधिकृत निदानच नाही. शिवाय हा शब्द छळणारी माणसंही समोरच्यावर फेकतात. शिक्का कोणी कोणावर मारला यापेक्षा घरात कोण कोणाला घाबरतं, हे बघा.

'तो तुमचा छळ करतो का?' असं विचारलंत तर बहुतेकदा 'नाही हो, तसं काही नाही' असंच उत्तर येईल. त्याऐवजी एकच प्रसंग धरा. तुम्ही 'नाही' म्हणालात, त्यानंतर तासाभरात काय झालं? अबोला किती दिवस चालला, तो कोणी मोडला? माफी कोणी मागितली? स्वतःचे पैसे खर्च करताना हिशेब द्यावा लागतो का? पूर्वी ज्यांच्याशी बोलायचात त्यांच्याशी आता का बोलत नाही? आणि ती सांगत असताना तिच्याकडे बघा. फोन वाजला की चेहरा बदलतो का? प्रत्येक तक्रारीनंतर ती त्याची बाजू मांडते का? 'मी वाढवून सांगतेय असं वाटत असेल ना तुम्हाला?' असं पुन्हा पुन्हा विचारते का? ज्या माणसाची आठवण वर्षानुवर्षं 'असं झालंच नव्हतं' म्हणून खोडून काढली गेली, त्याच्या बोलण्यात मेळ कुठून येणार? एवढ्यावरून छळ सिद्ध होत नाही, पण ती खोटं बोलतेय असंही ठरत नाही.

जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये 'डार्वो' हा शब्द मांडला: आधी नाकारायचं, मग हल्ला चढवायचा, शेवटी स्वतःच पीडित व्हायचं. 'असं घडलंच नाही, तुझंच डोकं ठिकाणावर नाही, खरा त्रास तर मी सोसतोय.' जोडीने घेतलेल्या सेशनमध्ये हे फार सभ्य भाषेत ऐकू येतं. भीती आहे असा संशय आला, की जोडप्याची थेरपी थांबवा. तिथे ती खरं बोलली तर त्याची किंमत घरी मोजते.

'मग सोडत का नाही?' हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. छळ आणि माया आलटून पालटून मिळत राहिली की बंध उलट घट्ट होतो. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९८१ मध्येच हे मांडलं आहे. 'सोडून द्या' हेही सांगू नका. तिच्या वतीने निर्णय घेणारं माणूस तिच्या आयुष्यात आधीच एक आहे. त्यात नातं तोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून आधी सुरक्षितता: तिचा फोन कोण बघतं, तुमचा मेसेज कुणाच्या हाती पडेल, रात्री निघायची वेळ आली तर कुठे जाईल. जुन्या जखमा उकरणं त्यानंतर. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सांगितलेला क्रम हाच आहे.

निदानाचीही घाई नको. नुसतं नैराश्य किंवा बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत अस्थिर राहण्याचा व्यक्तिमत्त्व विकार) असं लिहून मोकळं होण्याआधी गुंतागुंतीच्या पीटीएसडीचा, म्हणजे दीर्घकाळच्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचा, विचार करा. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो स्वतंत्रपणे दिला आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच सोबत घ्या.

आणि या क्लायंटला आता एकटीलाच बोलवा. निरोप धाडताना तो नवराही वाचू शकतो हे धरून चाला. ती आली की आधी तुम्हीच म्हणा, 'त्या दिवशी मी तुमचं नीट ऐकलं नाही. आज तुम्हाला जिथून आठवतं तिथून सांगा, क्रम चुकला तरी चालेल.'